सातच्या वर नको

सातवा गोल झाला आणि खेळाच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. गोल त्यांच्याच मुलींनी मारला होता. एरवी कुठल्याही शाळेच्या बाई अशा वेळी टाळ्या वाजवतात, निदान मान तरी डोलावतात. या बाईंनी आधी घड्याळ पाहिलं, मग गुणफलक पाहिला आणि मग खुर्चीत वही उघडून बसलेल्या निरीक्षकांकडे चोरून पाहिलं. सामना सुरू होऊन अठ्ठावीस मिनिटं झाली होती. अजून बेचाळीस मिनिटं काढायची होती.

भिंगरी धावतच रेषेपाशी आली. मैदानावर ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून हे नाव. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"सॉरी बाई! मी पास द्यायला गेले, तो आतच गेला."

"आतच गेला म्हणे! बॉलला काय स्वतःचे पाय फुटले होते?"

"त्यांची कीपर बाजूलाच झाली ना. मला वाटलं अडवेल."

"आता ऐक. ह्याच्यापुढे तू त्या गोलकडे तोंडसुद्धा करायचं नाहीस. पाठ करून खेळ."

भिंगरी खरंच पाठ करून पळत गेली. दहा सामन्यांत चोवीस गोल मारणारी पोर, आणि तिला आपण हे शिकवतोय, असं बाईंच्या मनात आलं. पण मनात आलेल्या गोष्टींकडे बघायला त्या घडीला त्यांना सवड नव्हती.

हे सगळं समितीचं करणं. शालेय फुटबॉलची एक समिती होती, तिच्यात सात माणसं होती, आणि सात माणसं एका टेबलाभोवती बसली की काहीतरी ठरवूनच उठतात. त्यांनी ठरवलं की कुणीही सातपेक्षा जास्त गोलांच्या फरकाने जिंकायचं नाही. दुबळ्या संघाचा अवमान होतो. हेतू चांगलाच होता, तसा तो नेहमीच असतो. फरक सातच्या वर गेला तर जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला एक सामना बंदी. पुढच्या वर्षभरात पुन्हा तसंच झालं तर उरलेल्या हंगामातून सुट्टी. गोल कुणी मारला, कसा मारला, कुणाच्या पायाला लागून गेला, हे समिती विचारत नसे. तिला फक्त आकडा हवा.

सुटकेची एकच वाट होती. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने मैदान सोडण्याआधी 'आमच्या संघाचा अवमान झालेला नाही' अशा कागदावर सही करायची. सही झाली की सगळं माफ.

बाईंनी ही वाट गेल्या वर्षी चालून पाहिली होती. तेव्हा फरक होता अकराचा. समोरच्या शाळेचे मिशीवाले सर चहा पीत बसले होते. त्यांनी कागद घेतला, दोनदा वाचला, कप खाली ठेवला, खिशातून काढलेलं पेन परत खिशात ठेवलं आणि गोड हसून म्हणाले, "पण झालाय ना आमचा अवमान." पुढच्या सामन्याला बाई तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या आणि त्यांच्या खुर्चीत ग्रंथालयाच्या मॅडम बसल्या होत्या. कुणाला बाहेर काढायचं, कुणाला आत पाठवायचं, हे त्या बिचारीला काही कळेना. मुली हरल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मुलींचा संघ मुलांच्या सरांकडे जाईल. कायमचा."

मुलांच्या सरांचं मत होतं की मुलींनी कमी पळापळीचं काहीतरी खेळावं.

सहा वर्षांपूर्वी बाईंकडे चार मुली होत्या आणि एक बॉल होता, तोही संध्याकाळपर्यंत हवा जाऊन बसायचा. आज अठरा मुली होत्या. आजचा साखळीतला शेवटचा सामना होता आणि शनिवारी अंतिम. बाईंना मूलबाळ नव्हतं, आणि कुणी हळहळलं की त्या म्हणत, अठरा आहेत, एकोणिसावं सांभाळायला ताकद नाही. हा विनोद असला तरी निव्वळ विनोद नव्हता. संघ गेला तर संध्याकाळी पाच वाजता आपण कुठे जायचं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

समोरच्या शाळेने संघ याच वर्षी उभा केला होता. बरोबर अकरा मुली, बदली एकही नाही. त्यांना शिकवायला कुणी तयार नव्हतं म्हणून शाळेच्या बसचे ड्रायव्हरकाका शिकवत. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधल्या वेळात, बस लावायच्या आवारात. काका पलीकडच्या रेषेवर गणवेशाच्या खाकी शर्टात हात मागे बांधून उभे होते. एकेक गोल होत होता तसे ते फक्त म्हणत, "असू दे, असू दे. चला, मध्ये घ्या बॉल."

मध्यंतरात बाईंनी मुलींना गोल बसवलं. भिंगरीला बाहेर काढलं. बचावातल्या दोन मुलींना पुढे पाठवलं आणि पुढच्या दोघींना मागे ओढलं.

"आता नीट ऐका. बॉल आपल्याकडेच ठेवायचा. बारा पास झाल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही, आणि बारा झाले की परत मागे द्यायचा. जी गोलवर मारेल तिची माझ्याशी गाठ आहे."

"बाई, मग करायचं काय?" एकीने विचारलं.

"वेळ काढायचा."

"पस्तीस मिनिटं?"

"पस्तीस मिनिटं."

मुलींनी माना डोलावल्या. गुणी होत्या. बाईंनी सांगितलं की करायच्या, हीच त्यांची ताकद होती.

न हरता न मारणं ही सोपी गोष्ट नाही, आणि दिसायला तर अगदीच वाईट. मध्यंतरानंतर बॉल एका मुलीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे फिरत राहिला आणि समोरच्या अकरा जणी त्याच्यामागे धावत राहिल्या. पोचेपर्यंत बॉल पुढे गेलेला असायचा. त्यांची कप्तान होती एक बुटकी, चष्मेवाली मुलगी. चष्मा पडू नये म्हणून तिने तो डोक्यामागे इलॅस्टिकने बांधला होता. ती एकटी शेवटपर्यंत धावत होती. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता मिळेल. प्रत्येक वेळी पाऊलभर कमी पडायचं.

मग बाईंच्याच शाळेचे पालक पास मोजायला लागले. आधी एक जण, मग सगळे मिळून, मोठ्याने. "सात! आठ! नऊ!" बारा झाले आणि बॉल मागे गेला की हशा पिकायचा. बाईंनी दोनदा वळून ओठांवर बोट ठेवलं, तर लोकांना तीही गंमत वाटली. बाईंच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मारावं तर नियम आडवा येत होता आणि न मारावं तर हे असं. खेळ थांबवण्याची सोय नव्हती आणि निघून जायचीही नव्हती. घड्याळाचा काटा मात्र कुणी धरून ठेवल्यासारखा हलत नव्हता.

पाणी प्यायला खेळ थांबला तेव्हा ड्रायव्हरकाका मैदानाला वळसा घालून इकडे आले.

"बाई, रागावू नका, एक बोलू?"

"बोला ना काका."

"पोरींना खेळू द्या की. आमच्या पोरी हरायला घाबरत नाहीत हो. पण हे असं नाचवू नका त्यांना."

"मी तरी काय करू? नियम आहे. माझा जीव टांगणीला लागलाय इथे."

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ते दिसतंय," असं म्हणून ते जसे आले तसे परत गेले.

नऊ मिनिटं उरली असताना ते घडलं. पास जरा चुकला आणि बॉल समोरच्या एका चिमुरड्या मुलीच्या पायाशी येऊन थांबला. तासाभरात पहिल्यांदाच तिच्याकडे बॉल आला होता. ती इतकी गांगरली, इतकी हरखली की काय करावं ते तिला सुचेना. काकांनी एक गोष्ट घोटून घेतली होती, काही सुचलं नाही तर बॉल आपल्या कीपरला द्यायचा. तिने दिला. होता नव्हता तो सगळा जोर लावून दिला. कीपर तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती.

बॉल तिच्या शेजारून आत गेला आणि मैदानभर हशा फुटला. गुणफलकावरच्या माणसाने सातची पाटी काढून आठची लावली. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांना दिसले ते मिशीवाले सर, पेन खिशात ठेवताना. तारेचं कुंपण दिसलं. मुलांचे सर शिट्टीसकट आपल्या मुलींसमोर उभे असलेले दिसले. पलीकडे उभा असलेला माणूस मिशीवाले सर नव्हता, एवढी साधी गोष्ट त्या वेळी त्यांच्या ध्यानात आली नाही. त्यांना फक्त वजाबाकी सुचली. आपल्यावर एक गोल झाला की फरक पुन्हा सात.

त्या आपल्या गोलमागे गेल्या. गोलमध्ये शिडी उभी होती. उंचीवरून पडलेलं नाव. ती बाईंच्या थोरल्या बहिणीची मुलगी, पण मैदानावर नातं काढायचं नाही असं दोघींचं ठरलेलं होतं. या हंगामात शिडीने एकही गोल खाल्ला नव्हता. दहा सामने, एकही नाही. ती हे कुणाला सांगत नसे, पण तिच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ओळीने दहा शून्यं होती.

"एक सोड," बाई जाळीतून पुटपुटल्या.

"काय?"

"एक गोल सोड. बॉल त्यांच्या पायात दे आणि पड."

शिडी वळली. "मावशी, नको ना."

"इथे मी बाई आहे."

"मग बाई, नको ना."

"शनिवारी मी इथे नसेन. कळतंय का तुला? शनिवारीच नाही, पुढेही नसेन. माझ्यासाठी कर."

शिडीने हातमोजे नीट ओढले, आणि बाईंना स्वतःची शरम वाटली. वाटली, तरी त्या तिथून हलल्या नाहीत.

तीन मिनिटं उरली होती. शिडीच्या हातात बॉल होता. तिने तो जमिनीवरून अलगद घरंगळत सोडला, थेट चष्मेवालीकडे, आणि पाय घसरल्यासारखं करून आडवी झाली. नाटक तिला मुळीच जमत नसे. पोतं टाकावं तशी ती पडली आणि पडल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चष्मेवालीच्या पायात बॉल होता. समोर दहा पावलांवर उघडा गोल. तिच्या मैत्रिणी मागून जिवाच्या आकांताने ओरडत होत्या, "मार! अगं मार!" पलीकडे ड्रायव्हरकाकांचे मागे बांधलेले हात सुटले होते. चष्मेवालीने जमिनीवर पडलेल्या शिडीकडे पाहिलं. मग तिची नजर वर झाली आणि गोलमागे उभ्या असलेल्या बाईंवर येऊन थांबली.

आणि बाईंनी मान हलवली. मार, म्हणून.

ती मान हलली नसती तर कदाचित पुढचं वेगळं झालं असतं. चष्मेवाली दोन क्षण तशीच उभी राहिली. मग तिने पायाच्या बाजूने बॉल सरळ रेषेबाहेर ढकलला आणि पाठ वळवून आपल्या जागेवर चालत गेली. थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली. आठ शून्य.

निरीक्षक वही मिटून हसतच आले. "अहो बाई, चेहरा कशाला पाडता? आठवा त्यांनीच त्यांच्यात मारलाय. कोणीही डोळे झाकून सही देईल. हा घ्या कागद. पळा, बस निघेल त्यांची. मी पाचपर्यंत आहे."

बाई पळाल्या. बस फाटकाबाहेर उभी होती. काका मागच्या चाकाला टाचेने ठोकून हवा बघत होते. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून सावकाश वाचला.

"आठवा गोल आमचाच. त्यापायी तुम्हाला कशाला अडकवायचं?" त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, कागद बसच्या पत्र्यावर टेकवला.

बाईंना वाटलं, इतकं सोपं होतं! नुसतं विचारायचं होतं.

काकांचं पेन थांबलं. "पण हे लिहिलंय, संघाचा अवमान झाला नाही. आता माझं म्हणाल तर मी बाहेर उभा होतो. आत ह्या होत्या. ह्यांना विचारायला पाहिजे ना?"

"काका, तुमचीच सही लागते."

"सही माझीच. विचारतो फक्त." ते पायरी चढून आत गेले. बाईंना मागोमाग जावंच लागलं.

दोन बाकांमधली वाट अरुंद होती. ओल्या मोज्यांचा आणि संत्र्यांच्या सालींचा वास येत होता. अकरा मुली माना वर करून बघत होत्या. ती चिमुरडी खिडकीशी तोंड लपवून बसली होती, तिच्या शेजारणीचा हात तिच्या पाठीवर होता. काकांनी कागद काय आहे ते सांगितलं. सही नाही दिली तर बाईंचं काय होईल तेही सांगितलं, काही न लपवता.

"देऊन टाका काका," मागून एक जण म्हणाली. दोघीतिघींनी माना डोलावल्या.

चष्मेवाली पहिल्याच बाकावर होती. "मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "बाई, तुमची कीपर खरंच पडली का? का तुम्ही तिला सोडायला सांगितलंत?"

ती घसरली. दोनच शब्द होते. गोलपाशी माती ओली होती, सगळ्यांनी पाहिली होती. बाईंनी तोंड उघडलं आणि मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं. बसच्या पायरीवर शिडी उभी होती, दोघींच्या बॅगा दोन खांद्यांवर घेऊन. रोज त्या दोघी बरोबर घरी जात. शिडी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती, आणि बाईंना अगदी लख्ख कळलं की ही पोर काहीही बोलणार नाही. आपण म्हणू ते ती मुकाट्याने स्वतःवर घेईल. 'घसरली' म्हटलं तर शाळाभर घसरलेली म्हणून हिंडेल, तोंडातून शब्द न काढता.

"मी सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "ती नको म्हणत होती. मी सांगितलं."

चष्मेवालीने चष्मा काढला, जर्सीच्या टोकाने पुसला. चष्म्याशिवाय ती फारच लहान दिसत होती.

"आठव्यासाठी सही दिली असती बाई. अठरा मारले असते ना, तरी दिली असती. आम्हाला माहितीये आम्ही कशा खेळतो ते." तिचा आवाज चिरकला. "पण तो... मी मारला असता ना, तर घरी जाऊन आईला सांगितलं असतं. मी गोल मारला म्हणून. आई सगळ्यांना सांगत सुटली असती."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काकांकडे बघून मान हलवली. नाही.

काकांनी पेनाला टोपण लावलं. त्यांचा चेहरा ओशाळल्यासारखा झाला होता, जणू चूक त्यांचीच होती. "बाई, मला गाडी काढायला हवी," ते हळूच म्हणाले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

फाटकाशी सगळा संघ उभा होता. बाईंच्या हातातला कागद बिनसहीचा आहे हे त्यांच्या चालण्यावरूनच सगळ्यांना कळलं. बस त्यांच्या शेजारून वळून गेली. खिडकीतून कुणी बाहेर पाहिलं नाही.

"नाही दिली?" भिंगरी म्हणाली. "आठवा तर त्यांचाच होता!"

"नाही दिली. बरोबर केलं त्यांनी."

"म्हणजे शनिवारी तुम्ही नाही?"

"शनिवारी नाही. पुढेही नाही."

भिंगरीला रडू फुटलं. एका जागी उभी राहून, हात खाली सोडून ती रडायला लागली. "पण आमचं काय चुकलं बाई? आम्ही तर सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं!"

सतरा जणी उत्तराची वाट बघत होत्या. शिडी जरा बाजूला उभी होती.

"हो," बाई म्हणाल्या. "मी सांगितलं तसंच केलंत."

पाच वाजायला चार मिनिटं होती. बाई तो बिनसहीचा कागद घेऊन निरीक्षकांच्या टेबलाकडे चालू लागल्या.